प्लेगची लस आणि लोकांचा विश्वास

नवी लस आली, नवा अभ्यासक्रम आला किंवा नवी वजनेमापे आली, की लोक प्रथम 'नको' म्हणतात. असे का, म्हणून विचारले तर 'अज्ञान' हे उत्तर आपण चटकन देतो. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यासाठी मुंबई इलाख्यातील प्लेगचा इतिहास उपयोगी पडतो. तेथे एकाच काळात आणि एकाच रोगाविरुद्ध, लोकांना बदलायला लावण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग वापरले गेले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे रोगी ओळखले. साथ पसरू लागली, तसे सरकार घाबरले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घराघरांची झडती घ्यायची, रोग्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचे आणि संशयित सामान जाळायचे, असा कार्यक्रम सुरू झाला. पुण्यात हे काम वॉल्टर रँड या अधिकाऱ्याकडे होते आणि झडतीसाठी गोरे सैनिक लावले होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकवतोच. मुंबईतही असंतोष होता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये रोगी तपासण्यावरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली.

या विरोधाला केवळ अज्ञान म्हणता येईल काय? इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. तेव्हा 'तेथे माणसे मारतात' हा निष्कर्ष चुकीचा असला, तरी तो डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून काढलेला होता. परक्या पुरुषांनी घरात शिरून बायकांना तपासणे, देवघरात बूट घालून वावरणे, हा अपमान वेगळाच. शिवाय सरकारी उपायांमागचे शास्त्रही तेव्हा अपुरे होते. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ मध्ये. आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. गाठीचा प्लेग मुख्यतः पिसवांमुळे पसरतो. त्यामुळे रोग्याला उचलून नेले, तरी उंदीर आणि पिसवा घरातच राहत.

आता याच लोकांची दुसरी बाजू पाहा. घरात उंदीर मरून पडू लागले, की गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. घरदार सोडणे हा काही लहान बदल नव्हे. पण त्याचे कारण समोर दिसत होते आणि निर्णय स्वतःचा होता, म्हणून लोकांनी तो स्वीकारला.

दुसरा मार्ग वाल्डेमार हाफकिन यांचा. ओडेसा येथे जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा शास्त्रज्ञ १८९६ मध्ये मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसरसात वाढवले, उष्णतेने मारले आणि त्यांची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतः टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते सुखरूप राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. कैद्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. तरीही टोचलेल्या व न टोचलेल्या गटांची अशी तुलना मांडणे हे महत्त्वाचे पाऊल होते.

आकडे मात्र सर्वांपर्यंत पोचत नाहीत, माणसे पोचतात. तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत राहिल्या आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सरकारी जुलमावर कडाडून टीका करणारे लोकमान्य टिळकही शहर सोडून गेले नाहीत. लोकांसाठी प्लेगचे इस्पितळ चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ज्याने धोका आपल्याबरोबर वाटून घेतला, त्याचे लोक ऐकतात.

असा विश्वास नाजूक असतो. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली असावी, असे पुराव्यावरून दिसत होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. आमच्या नवीन पनवेलहून हार्बर गाडीने शिवडीला उतरले, तर ही संस्था फार दूर नाही. वरच्या वर्गांची सहल काढण्याआधी तेथे जरूर विचारणा करावी.

वर्गात हा विषय घेताना भायखळ्याचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना विचारावे, 'तुम्ही १८९७ मध्ये असता तर लस घेतली असती का? घेण्यापूर्वी काय काय विचारले असते?' दोन्ही गटांत नेमके किती कैदी होते, ते वयाने व प्रकृतीने सारखे होते का, असे प्रश्न मुले विचारू लागतील. या शंकांना विरोध समजून त्यांना गप्प बसवू नये. शंका विचारणाऱ्याला उत्तर मिळाले, तर तोच उद्या दुसऱ्याला पटवून देतो. रँडच्या सैनिकांना घरोघरी फिरूनही हे साधले नव्हते.