परदेशची कायदेविद्या जपानात

जागतिकीकरणाने कायद्याचे शिक्षण देशोदेशी बदलू लागले आहे, असे हल्ली वारंवार ऐकू येते. ते खरेच आहे. पण ही केवळ गेल्या तीस-चाळीस वर्षांतली गोष्ट, असे मात्र आपण समजू नये. एका देशाची कायदेविद्या दुसऱ्याने उचलली म्हणजे काय काय घडते, हे पाहायला जपानइतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे दिसत नाही. या राष्ट्राने ही विद्या एकदा नव्हे, अनेकदा बाहेरून आणली, आणि दर वेळी निकाल निराळा लागला.

पहिल्या वेळी निकड मोठी होती. १८५८ च्या तहांनी जपानवर अशी अट लादली की, त्या भूमीवर एखाद्या परक्या माणसाने गुन्हा केला, तर त्याचा न्याय त्याच्याच देशाचा कॉन्सल करील. तुमचे कायदे आमच्यासारखे होत नाहीत, तोवर आमची माणसे तुमच्या न्यायाधीशापुढे उभी राहणार नाहीत, असा पाश्चात्त्यांचा रोख. तेव्हा मेजी राजवटीला कायदे हवे होते, ते चालवणारी माणसे हवी होती, आणि दोन्ही तातडीने हवी होती. फ्रान्सच्या संहिता लिखित, एका जागी बांधलेल्या. म्हणून प्रथम त्या निवडल्या गेल्या. मित्सुकुरी रिन्शो या तरुण पंडिताकडे १८६९ साली भाषांतराचे काम आले. हाताशी पुरेसा कोश नाही, अडले तर विचारायला माणूस नाही. त्यात, पुढे न्यायमंत्री झालेल्या एतो शिम्पेई यांचा लकडा असा की, चुकले तरी चालेल, पण लवकर आटपा!

मित्सुकुरी अडले ते शब्दांपाशी. सेवकाचे, मुलाचे, प्रजेचे कर्तव्य सांगणारे शब्द जपानीत भरपूर होते. पण माणसाने राज्यसत्तेपुढेही मागावा अशा हक्काला शब्द नव्हता. शेवटी चीनमध्ये १८६४ साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषांतरातून त्यांनी ‘केन्री’ हा शब्द घेतला. नागरी हक्कांसाठी ‘मिन्केन’ असा शब्द त्यांनी मांडला, तेव्हा प्रजेला सत्ता असते म्हणजे काय, यावर सरकारी बैठकीत चांगलाच वाद पेटला. आपल्याकडे वतनाच्या जुन्या कागदांतही ‘हक्क’ पानोपानी भेटतो. त्यामुळे एका शब्दासाठी एवढी यातायात का, हे आपल्याला चटकन उमगत नाही.

१८७२ साली न्यायखात्याने स्वतःची शाळा काढली. मोजकी मुले, आणि शिकवणे फ्रेंच भाषेतून. पुढच्याच वर्षी पॅरिसहून ब्वासोनाद हे प्राध्यापक आले आणि १८९५ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्याविषयीची एक हकीगत सांगितलीच पाहिजे. १८७५ साली ते खात्याच्या इमारतीत काम करीत असता शेजारून विव्हळण्याचा आवाज आला. जाऊन पाहतात तो, आरोपीचा छळ करून कबुलीजबाब काढणे चाललेले! त्यांनी तत्काळ निषेध केला, आणि १८७९ साली असा छळ कायद्यातून गेला. वर्गात सांगितलेली विद्या कधी कधी अशी शेजारच्या खोलीत जाऊन उभी राहते.

इकडे १८७७ साली स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात इंग्लंडचा कायदा इंग्रजीतून शिकवला जाऊ लागला. म्हणजे एकाच शहरात दोन परदेशी विद्या, दोन परभाषांत! यातून वाट काढली ती खासगी शाळांनी. फ्रेंच शाखेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी १८८१ साली मेजी कायदाशाळा काढली. इंग्रजी पक्षाची शाळा १८८५ साली निघाली, तीच आजचे चुओ विद्यापीठ. कायदा परकाच, पण शिकवण्याची भाषा जपानी, त्यामुळे विलायतेचे तोंड न पाहिलेली मुलेही वकिलीपर्यंत पोचली. होझुमी नोबुशिगे हे लंडन आणि बर्लिन येथे शिकून आलेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसून एकेक परिभाषा ठरवली, तेव्हा कोठे १८८७ च्या सुमारास विद्यापीठातही जपानीतून व्याख्याने देता येऊ लागली. मुंबईत कायद्याची शाळा १८५५ सालीच निघाली होती, ती इंग्रजीतून. आणि उच्च न्यायालयातले कामकाज आजही इंग्रजीतच चालते.

ब्वासोनाद यांच्या छायेखाली झालेली नागरी संहिता १८९० साली जाहीर झाली खरी, पण ती कुटुंबव्यवस्था बुडवील असा गिल्ला झाला आणि १८९२ साली ती लांबणीवर पडली. फ्रेंच आणि इंग्रजी शाळांचा हा सामना होता, असेही म्हणता येईल. शेवटी होझुमी, तोमी आणि उमे या तिघांनी जर्मन मसुद्याचा पुष्कळ आधार घेऊन नवी संहिता रचली. १८९८ साली ती पूर्णपणे अमलात आली, आणि पुढच्याच वर्षी कॉन्सलांची न्यायालये उठली. याच उमे यांनी १९०४ पासून चिनी विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा वर्ग चालवला. चिनी ग्रंथातून जपानात गेलेला शब्द अशा रीतीने नवा अर्थ घेऊन माहेरी परतला.

आता अलीकडचा प्रयोग पाहू. वकिलीच्या जुन्या परीक्षेत शंभरांत दोघे-तिघे उत्तीर्ण होत, आणि मुले विद्यापीठापेक्षा खासगी क्लासांतच अधिक शिकत. जागतिक व्यापाराला वकील कमी पडतात, अशी उद्योगपतींची ओरड होती. २००१ च्या सुधारणा-समितीने अमेरिकी धर्तीच्या पदव्युत्तर ‘लॉ स्कूल’ची शिफारस केली. सत्तर-ऐंशी टक्के उत्तीर्ण होतील, २०१० च्या सुमारास वर्षाला ३,००० वकील निघतील, असे चित्र रंगवले गेले. एप्रिल २००४ मध्ये ६८ शाळा उघडल्या. पुढे त्या ७४ झाल्या. पण अमेरिकेत कायद्याची पहिली पदवी नसते. जपानने ती तशीच ठेवली. उत्तीर्णांची संख्याही ३,००० च्या जवळपास गेली नाही, आणि २०१३ साली सरकारने ते उद्दिष्ट सोडून दिले. नोकऱ्या सोडून, कर्ज काढून आलेल्या कित्येकांचे हात रिकामे राहिले. निम्म्याहून अधिक शाळांनी नवे विद्यार्थी घेणे बंद केले. जुन्या दाराला नवी कमान लावली, पण दार रुंद केले नाही, असे आमचे मत आहे. दक्षिण कोरियाने २००९ साली हाच प्रयोग केला, तो सावधपणे: शाळा पंचवीसच, जागा २,००० च, आणि जेथे लॉ स्कूल निघेल तेथली कायद्याची पहिली पदवी बंद.

२०११ पासून जपानात लॉ स्कूल चुकवून परीक्षेला बसण्याची एक पूर्वपरीक्षाही सुरू झाली आहे. तिच्यातून जेमतेम चार टक्के पार पडतात. पण पार पडलेल्यांपैकी अलीकडच्या वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक मुख्य परीक्षा उत्तीर्ण होतात. साहजिकच हुशार मुले तिकडे वळली. तिची तयारी ती करतात कोठे? पुन्हा खासगी क्लासांतच.