तगाई : एक शब्द आणि एक दिवाण

आमच्या गावाकडे एका विहिरीला आजही ‘तगाईची विहीर’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, तगाई हे कुणा बाईचं नाव असावं. जनाई, मुक्ताई, तशी तगाई. पुढे कळलं की सरकारकडून उचललेल्या कर्जाला तगाई म्हणतात आणि ती विहीर अशाच कर्जातून खोदलेली आहे. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या नातवंडांना तो ठाऊक नाही.

शब्द मूळचा अरबी. ‘तक़विया’ म्हणजे बळ देणं, त्यावरून ‘तक़ावी’, आणि मराठीच्या तोंडी ‘तगाई’. मराठीतली ‘कुवत’ याच धातूतून आलेली. (आपल्याकडचा ‘तक़वा’ मात्र वेगळ्या धातूचा, पुष्कळजण इथे गफलत करतात.) इजिप्तमध्ये आजही ‘तक़ावी’ म्हणजे बियाणं. तेराव्या शतकात नाबुलुसी नावाच्या अधिकाऱ्याने फैयूम प्रांताची गाववार पाहणी लिहून ठेवली. शेतकऱ्यांना पेरणीसाठी उसनं दिलेलं बियाणं तिच्यात नोंदलेलं आहे. म्हणजे या शब्दाच्या पोटात कर्जाच्याही आधी बी आहे.

हिंदुस्थानात अशा मदतीचा मोठा प्रयोग मुहम्मद तुघलकाने केला, आणि तो फसला. त्याने आधी दोआबातला सारा वाढवला, मग पाऊस गेला, शेतकरी जमिनी सोडून पळाले. दिल्लीत धान्यकोठारातून सहा महिन्यांची रसद वाटली गेल्याचं इब्न बतूताने लिहिलंय. पडीक जमिनी उठवण्यासाठी ‘सोंधार’ नावाची कर्जं दिली गेली. पैसा मधल्या लोकांनी खाल्ला आणि जमीन पडीकच राहिली. पुढे फिरोजशाहने दोन कोटी टंक्यांचं येणं माफ केलं, असं अफीफ सांगतो. कर्जमाफीचा वाद आपल्याला वाटतो तितका नवा नाही.

मला जास्त सांगायचंय ते आपल्या दख्खनबद्दल. १६३०-३२चा दुष्काळ आणि त्यासोबत चाललेली मोगल-निजामशाही युद्धं यांनी हा मुलूख पार उजाड केला होता. वीस वर्षांनंतरही वसूल पुरेसा होत नव्हता. १६५३मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा त्याच्या कारभारात मुर्शिद कुली खान हा खुरासानी दिवाण होता. (बंगालचा मुर्शिद कुली खान नंतरचा आणि वेगळा.) आधी बालाघाट आणि पुढे सगळी दख्खन त्याच्या अखत्यारीत आली.

त्याने आधी विस्कटलेली गावं बसवली. जिथे पाटील उरला नव्हता तिथे नवा मुकद्दम नेमला. ज्या रयतेकडे बैल किंवा बियाणं नव्हतं, तिला खजिन्यातून तगाई दिली. ती हंगाम हाती आल्यावर हप्त्याहप्त्याने परत घ्यायची. जमिनीच्या मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून तो कधी कधी स्वतः जरिबेचं एक टोक धरून उभा राहायचा, असं सांगतात. दिवाणाचा हात साखळीला लागला की खालच्या अमीनाचा हात आपोआप सरळ होत असणार.

पण मला त्याचा बटाईचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोरडवाहू धान्यात सरकारचा वाटा निम्मा. विहिरीच्या पाण्यावर पिकलेल्या धान्यात एक तृतीयांश. ऊस, द्राक्षं अशा पिकांत, जिथे पाणी, मेहनत आणि वेळ जास्त लागतो, तिथे एक नवमांशापासून एक चतुर्थांशापर्यंत. ज्याने विहिरीत पैसा घातला त्याच्याकडून कमी घ्यायचं, हा साधा न्याय. निम्मा वाटा हा काही हलका भार नव्हता, आणि मोगल कारभार दयाळू होता असा माझा दावा नाही. पण बटाईत एक गोष्ट आपसूक घडते. पीक बुडालं तर सरकारचा वाटाही बुडतो. पावसाचा धोका शेतकरी एकटा सोसत नाही. मोजणीवर आणि नांगरावर आकारणीही चालू होती, तरी हा मार्ग खुला ठेवलेला होता.

याच मुलखात शिवाजी महाराजांनी १६७६मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैल द्या, खायला नाही त्याला धान्य द्या, आणि मुद्दल तेवढं सवडीने, वाढीदिढीशिवाय परत घ्या, असा त्याचा आशय. राज्यं एकमेकांशी लढत होती, पण शेती उभी करायची रीत दोन्हीकडे ओळखीची होती. इतिहासाला धर्माच्या रकान्यात बसवणाऱ्यांची इथे अडचण होते.

इंग्रजांच्या रयतवारीत सारा रोखीत आणि ठरलेला झाला. पाऊस पडो न पडो, भाव असो नसो, हप्ता भरायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव वर गेला. ते युद्ध १८६५मध्ये संपलं, भाव कोसळला, आणि सावकाराचं कर्ज तेवढं मागे राहिलं. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८८३ आणि १८८४च्या कायद्यांनी तगाईला पुन्हा रीतसर जागा मिळाली. मात्र आता तारण, अर्ज, चौकशी आणि ठरलेली मुदत आली. पेरणीच्या आठवड्यात पैसा हवा असणारा माणूस कचेरीच्या पायरीवरून उठून पुन्हा सावकाराकडेच जायचा. सावकार महाग होता, पण त्याच संध्याकाळी पैसे द्यायचा.

मुर्शिद कुली खान एप्रिल १६५८मध्ये धर्मातच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने मारला गेला. दारा आणि औरंगजेबाच्या भांडणात मेलेला एक सरदार, एवढीच त्याची ओळख बहुतेक पुस्तकांत उरते. आमच्या गावच्या विहिरीला पाणी आहे. तिचं कर्ज फिटलं की नाही, हे घरात आता कुणालाच आठवत नाही.