शब्बाथ आणि प्रभूचा दिवस

दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा पवित्र दिवस पाळण्यास सांगते. पवित्र शास्त्रात हा दिवस सातवा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा शब्बाथ होय. मग आपण रविवारी का जमतो? शनिवार पाळणारे काही ख्रिस्ती बंधू हा प्रश्न विचारतात. रविवार सम्राट कॉन्स्टंटाईन याने लादला, असेही कधी ऐकू येते. या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारेच द्यावे, असे आम्हांस वाटते.

शब्बाथामागे जुन्या करारात दोन कारणे दिली आहेत. निर्गमाच्या पुस्तकात देवाच्या विश्रांतीचे स्मरण आहे, तर अनुवादाच्या पुस्तकात मिसरातील दास्याचे. जे स्वतः दास होते त्यांनी आपल्या दासदासींना, परक्यांना, बैलांना व गाढवांनाही विसावा द्यावा, असा तिचा आशय. प्रभू येशू स्वतः शब्बाथ पाळी, सभास्थानात जाई; पण त्याच दिवशी रोग्यांना बरे करून, दिवस माणसासाठी आहे हे त्याने दाखवून दिले.

पुढे यहुदीतर लोक ख्रिस्तसभेत येऊ लागले, तेव्हा त्यांनी मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय, हा वाद उभा राहिला. सुमारे ४९ साली यरुशलेममध्ये प्रेषितांनी त्याचा निर्णय केला. मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी व जारकर्म वर्ज्य करावे, एवढेच त्यांनी सांगितले. सुंतेचे बंधन घातले नाही आणि शब्बाथाचेही नाही. शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये, असे कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातही सुचविले आहे.

ख्रिस्ती लोक एकत्र जमत ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी. त्रोवस येथील भाकर मोडण्याचा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेला आहे. सुमारे ११० साली संत इग्नेशियस यांनी मग्नेशियाच्या ख्रिस्तसभेला लिहिताना शब्बाथाऐवजी प्रभूच्या दिवसाप्रमाणे जगणाऱ्यांचा उल्लेख केला. सुमारे १५५ साली संत जस्टिन यांनी सूर्याच्या दिवसाच्या उपासनेचे वर्णन केले. शास्त्रवाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, गैरहजर असलेल्यांना डीकनांकरवी पोहोचविलेला प्रसाद आणि अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी जमविलेले दान, हे सारे त्यात आहे. आजची आपली मिस्सा त्यात सहज ओळखू येते. आपल्या ‘रविवार’ व ‘आयतवार’ या शब्दांतही तोच सूर्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो दिवस सुट्टीचा नव्हता. दास आणि कष्टकरी आपापले काम सांभाळून जमत. ३०४ साली, डायोक्लेशनच्या छळाच्या काळात, उत्तर आफ्रिकेतील अबितिना येथील ४९ ख्रिस्ती रविवारच्या उपासनेत पकडले गेले. रविवारच्या ख्रिस्तयागाविना आम्ही जगू शकत नाही, अशी साक्ष त्यांनी कार्थेजच्या न्यायासनापुढे दिली आणि ते हुतात्मे झाले. कॉन्स्टंटाईनचा हुकूम त्यानंतरचा, ३२१ सालचा. त्याने न्यायालये व कारागिरी त्या दिवशी बंद ठेवली. शेतीला मात्र मुभा दिली. सम्राटाने सुट्टी दिली. दिवस त्याने दिला नाही.

म्हणून शनिवारचा शब्बाथ आपल्यावर बंधनकारक नाही. त्यातील उपासना व विसावा यांचा आशय मात्र रविवारात पूर्णत्वास गेला आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेनेही प्रथम ख्रिस्तयाग आणि मग विसावा असाच क्रम ठेवला आहे. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही हे कर्तव्य पार पडते. रविवारी पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेने वा चालकाने मनात अपराधीपणा बाळगू नये.

विसाव्याबाबत मात्र आपल्या मुंबईचा इतिहास आपल्याला काही शिकवितो. येथील गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञेचे मर्म त्या मागणीत होते. आपण रविवारी मिस्सेला जातो, तेव्हा आपल्या घरी राबणाऱ्या बाईला, दुकानातील पोऱ्याला विसावा मिळतो काय? तिसरी आज्ञा आज आपल्याला विचारते ती ही गोष्ट.