चूल घेण्याआधी वखार बघा
(होसकोटे आणि पेलेटच्या चुलीचा इतिहास)



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि लढाया आठवतात. होसकोटेचं नाव काढलं तरी तेच होतं. १६३८ नंतर शहाजीराजांना आदिलशाहीकडून जी कर्नाटकातली जहागीर मिळाली, तिच्यात बेंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिऱ्याबरोबर होसकोटेही होतं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण आज आपण याच भागातल्या एका वेगळ्या इतिहासाकडे वळणार आहोत. ही गोष्ट आहे एका चुलीची. ती बेंगळूरमध्ये जन्मली, पुण्याच्या कंपनीनं विकली आणि महाराष्ट्र-कर्नाटकातल्या लाखो घरांत जाऊन पोहोचली. पुढे बहुतेक घरांत ती माळ्यावर गेली.

हा विषय आज काढायचं कारण साधं आहे. गॅस महागला की बाजारात परत पेलेटच्या चुली दिसू लागतात. विक्रेता सांगतो, "बहुइंधनी आहे, काहीही जाळा. स्वस्त पडेल, घर गरम राहील, पाणी तापेल." घ्यावी की न घ्यावी? याचं उत्तर चुलीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. ते मागच्या पन्नास वर्षांच्या अनुभवात आहे.

आधी "बहुइंधनी" या शब्दाकडे बघू. शब्द नवा आहे, वस्तू नवी नाही. आपल्या आज्यांकडे तांब्याचा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या शेंड्या, तुरीच्या काड्या, जे हाताशी असेल ते जायचं. कर्नाटकात हेच काम न्हाणीघरातल्या चुलीवर बसवलेला हंडा करायचा. दुसरी होती भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा आणि बाटली हलकेच वर ओढून घ्यायची. मध्ये भोक राहायचं, त्यातून हवा खेळायची आणि भुसा तासन् तास जळत राहायचा. भुसा सुतारांकडे किंवा लाकडाच्या वखारीत स्वस्तात मिळायचा म्हणून ही शेगडी चालली. वखारीतला भुसा संपला की शेगडीही थंड. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

या जुन्या साधनांचा दोष होता धूर. तो कमी करायचे प्रयत्न आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आसपासच सुरू झाले. वर्ध्याच्या मगनवाडीचं नाव लागलेली मगन चूल त्यातलीच. मग १९७४ मध्ये बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं 'अस्त्र' हा विभाग उभा राहिला. ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरायचं, एवढंच त्याचं काम. या मंडळींनी तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्रा आणि आसपासच्या गावांत जाऊन मोजमाप केलं. गाव किती ऊर्जा वापरतं, ती कुठून येते, सरपण कोण गोळा करतं? गावाच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा जळाऊ लाकडाचा निघाला, आणि ते गोळा करण्यात बायका-मुलांचे तासन् तास जात होते. त्यातून तीन भांड्यांची, धुराड्याची 'अस्त्र ओले' आली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल.

१९८०च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. आकडा मोठा दिसतो, पण त्यातल्या पुष्कळ चुली वर्ष-दोन वर्षांत मोडल्या किंवा बाजूला पडल्या. चूल वाटण्याचं उद्दिष्ट होतं. ती तीन वर्षांनी पेटते आहे की नाही, हे बघण्याची जबाबदारी कुणावर नव्हती.

आता पेलेटकडे येऊ. पेलेट म्हणजे भुसा, शेंगांची टरफलं किंवा उसाचं चिपाड दळून, वाळवून, मोठ्या दाबानं छिद्रांतून काढलेल्या बोटाएवढ्या कांड्या. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत हे इंधन पुढे आलं. १९८०च्या दशकात तिथे जेरी व्हिटफील्ड या विमान-अभियंत्यानं घर तापवणारा पेलेटचा स्टोव्ह तयार केला. एका बाजूच्या टाकीत कांड्या भरायच्या, एक फिरकी त्या थोड्या थोड्या आत ढकलते, पंखा हवा देतो, धूर नळीनं बाहेर जातो. थंड देशांत राहणाऱ्या मराठी घरांना हा स्टोव्ह आज माहीत असतो.

गंमत बघा. बेंगळूरमध्येही हे काम विमान आणि रॉकेटच्या ज्वलनाचा अभ्यास करणाऱ्यांनीच केलं. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक एच. एस. मुकुंद आणि त्यांचे सहकारी ज्वलन, वायूकरण आणि प्रणोदन यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी घरगुती स्वयंपाकासाठी छोटी चूल बांधली. तिच्यात सुमारे सहाशे ग्रॅम पेलेट एकदम भरायचे आणि वरून पेटवायचे. खालून छोटा पंखा थोडी हवा देतो. त्या हवेत पेलेट पूर्ण जळत नाहीत, त्यांचा वायू होतो. हा वायू वर आला की कडेच्या छिद्रांतून आणखी हवा मिळते आणि तो निळसर ज्योतीनं पेटतो. धूर म्हणजे न जळलेलं इंधन. इथे तेच जळून जातं, म्हणून धूर जवळजवळ नाही. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाची दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, या चुलीत निम्मी लागत होती.

ब्रिटिश तेलकंपनी बीपीनं ही चूल हाती घेतली आणि २००६ मध्ये 'ऊर्जा' नावानं बाजारात आणली. पहिल्या काळात किंमत हजार रुपयांच्या आत, पेलेट किलोला पाच रुपयांच्या आसपास. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. एकूण चार लाखांहून जास्त चुली विकल्या गेल्या. फुकट वाटल्या नाहीत, लोकांनी पैसे मोजून घेतल्या. नव्या पद्धतीच्या चुलीची जगातली ही फार मोठी विक्री होती.

नंतर संशोधकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ९९८ घरांची पाहणी केली. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चूल विकत घेतलेल्या घरांपैकी फक्त ९ टक्के घरांत ती वापरात होती.

असं का झालं? चूल वाईट होती म्हणून नाही. हिशेब करून बघू, कागद-पेन्सिल घ्या.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गॅसची उष्णता किलोला साधारण ४६ मेगाज्यूल, आणि शेगडीवर तिच्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला लागते. म्हणजे एका सिलिंडरमागे कामाला आलेली उष्णता चारशे मेगाज्यूलच्या आसपास. पेलेटची उष्णता किलोला साधारण १६, त्यातली निम्मी कामी येते, म्हणजे ८. चारशे भागिले आठ, पन्नास. म्हणून एक सिलिंडर म्हणजे पन्नास किलो पेलेट, हे आपलं सूत्र. तुमच्या गावातल्या सिलिंडरच्या दराला पन्नासनं भागा. पेलेट त्यापेक्षा स्वस्त मिळाले तरच बचत.

२००६ मध्ये अनुदानातला सिलिंडर तीनशे रुपयांच्या आसपास होता. भागिले पन्नास, सहा रुपये. पेलेट पाच रुपये किलो. गणित जेमतेम बसत होतं. म्हणूनच ही चूल सर्वांत जास्त घेतली ती आधीच गॅस वापरणाऱ्या घरांनी. त्यांना धुरापासून सुटका नको होती, ती त्यांच्याकडे होतीच. त्यांना दोन पैसे वाचवायचे होते. जिच्या डोळ्यांत रोज धूर जायचा, ती बाई सरपण फुकट गोळा करत होती. तिच्या लेखी पाच रुपये किलोसुद्धा महागच.

मग पेलेट महागले. कंपनीचा सगळा अंदाज "शेतातला टाकाऊ माल" या शब्दांवर उभा होता. पण ज्या दिवशी टरफलाला गिऱ्हाईक येतं, त्या दिवसापासून ते टाकाऊ राहत नाही. भुईमुगाचं टरफल वीटभट्टीलाही हवं असतं, बॉयलरलाही. चिपाड साखर कारखाना स्वतःच जाळून वीज करतो. हंगाम तीन महिन्यांचा, माल हलका आणि फुगलेला, त्यामुळे वाहतूक महाग. पेलेटचा दर चढत गेला, गॅसवर अनुदान सुरूच राहिलं, आणि गणित उलटलं. या चुलीत नेहमीचं सरपण चालत नव्हतं. ती पेलेटसाठीच बांधलेली. पेलेटवाला यायचा थांबला की चूल म्हणजे नुसता डबा. कंपनीनं आपला मोहरा पुढे हॉटेलं आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळवला. तिथे अनुदान नसलेला व्यावसायिक गॅस जळत होता, म्हणून पेलेट परवडत होते.

याच काळात पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे उलट्या टोकानं विचार करत होते. शेतात आधीच काय पडून आहे? उसाचं पाचट. शेतकरी ते पेटवून देतो. त्याचा कोळसा शेतावरच करा, त्याच्या कांड्या करा आणि त्या छोट्याशा शेगडीत वापरा. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांची सुरुवात चुलीपासून नव्हती, इंधनापासून होती.

आता होसकोट्याकडे परत येऊ. इथे पहाटे लाकडाच्या जाळावर दम बिर्याणी शिजते आणि बेंगळूरचे लोक अंधारात गाड्या काढून खायला येतात. या पट्ट्यात लाकूड कुठून आलं, हाही इतिहासच. १९८०च्या सुमारास सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली कोलार आणि बेंगळूरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू शेतांत नाचणीच्या जागी निलगिरी लागली. तिच्यावर पाण्यावरून पुष्कळ वाद झाला आणि २०१७ मध्ये कर्नाटक सरकारनं नव्या लागवडीवर बंदी घातली. दुसरीकडे शिडलघट्टा, विजयपुराकडे रेशमाचा धंदा, म्हणून तुतीच्या काड्या. म्हणजे कच्चा माल आजूबाजूला आहे. पण त्यावर हक्क सांगणारेही पुष्कळ आहेत. त्यात भर म्हणजे २०२१ मध्ये केंद्रानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर काही टक्के पेलेट जाळणं बंधनकारक केलं. तुमच्या चुलीची स्पर्धा आता वीजकेंद्राशी आहे.

आणि घर गरम करण्याचं काय? होसकोट्याला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरतो. तिथे एक चांगली रजई पुरते. धुराडं नसलेली कुठलीही चूल, पेलेटची असो की कोळशाची, बंद खोलीत ऊब घ्यायला ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, धूर दिसत नाही, आणि झोपेत माणूस जातो. घर तापवायचा पेलेटचा स्टोव्ह काश्मीर-हिमाचलात किंवा परदेशात ठीक, आणि तोही धुराड्यासकट.

आपल्याकडे खरी गरज आंघोळीच्या पाण्याची. एक बादली, म्हणजे वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला दोन मेगाज्यूलहून थोडे जास्त लागतात. म्हणजे पाव किलोहून थोडे जास्त पेलेट, किंवा गिझरवर अर्धं-पाऊण युनिट वीज. चार माणसांच्या घराला रोज किलोभर पेलेट. तुमच्या वीजबिलातला युनिटचा दर बघून तुलना करा. आणि स्वतःचं छप्पर असेल तर बेंगळूरकरांनी हा प्रश्न सौर बंबानं केव्हाच सोडवला आहे, तो आधी बघा.

तरीही चूल घ्यायचीच असेल, तर इतिहासानं शिकवलेल्या चार गोष्टी विचारा.

पहिली, पेलेट कोण देणार? गावातले दोन तरी विक्रेते आणि पावसाळ्यातला दर विचारा. एकच दुकान असेल तर थांबा.

दुसरी, पेलेट नसतील त्या दिवशी काय? खरी बहुइंधनी चूल लाकडाच्या छोट्या ढलप्यांवर, नारळाच्या करवंटीवरही चालते. बोलण्यावर जाऊ नका, दुकानात पेटवून दाखवायला सांगा.

तिसरी, पेलेट कसले? लाकडी भुशाची राख अगदी थोडी. भाताच्या तुसाची राख जवळजवळ पाचवा हिस्सा, तिचे खडे होऊन जाळी बंद पडते. चांगला पेलेट पाण्यात टाकला की बुडतो आणि मग फुगून सुटतो. तरंगला तर तो नीट दाबलेला नाही. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवलंत तर हाच भुसा तुमच्या घरात होईल.

चौथी, पंखा आणि बॅटरी गावात दुरुस्त होते का? आणि चुलीवर भारतीय मानक आयएस १३१५२ आहे का? त्यानुसार पंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के लागते, बिनपंख्याच्या चुलीची २५.

चार लाख कुटुंबांनी चूल घेतली तेव्हा ही चौकशी करायला त्यांच्यापुढे कुठलंच उदाहरण नव्हतं. आपल्यापुढे त्यांचं आहे. तेव्हा आधी पेलेटचा दर विचारा, सिलिंडरच्या दराला पन्नासनं भागा, आणि मग चुलीची किंमत विचारा.

पुढच्या भागात रॉकेलचा स्टोव्ह आणि रेशनची रांग. तोवर नमस्कार.