हिंदुस्थानच्या नावाची कडू बिअर

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि ऊस यांचेच राज्य आहे. जवळच सोमेश्वरनगरचा सहकारी साखर कारखाना. ऊस गाळला की साखर निघते, साखरेमागे मळी उरते आणि मळी आंबवून मद्यार्क काढता येतो. म्हणजे मद्य हा विषय या मुलखाला परका नाही. परका आहे तो हॉप नावाचा वेल. त्याला उन्हाळ्यात बराच मोठा दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. अठराव्या अक्षांशावरील कोऱ्हाळ्यात तो काही बहरायचा नाही. आपल्या देशात तो हिमाचलातील लाहौलसारख्या थंड खोऱ्यात होतो. तरीही या वेलाच्या कडवटपणासाठी जगभर गाजलेल्या बिअरला नाव मात्र आपल्या देशाचे आहे: इंडिया पेल एल.

हॉपची कथा मठांतून सुरू होते, याचे आमच्या वाचकांना नवल वाटू नये. फ्रान्समधील कॉर्बी मठाचे मठाधिपती अदलहार्ड यांनी 822 मध्ये मठाच्या व्यवहाराचे नियम लिहून ठेवले, त्यांत बिअरसाठी लागणाऱ्या हॉपचा उल्लेख येतो; या विषयातील सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी तो एक होय. पुढे बाराव्या शतकात बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी लिहिले की हॉपच्या कडवटपणामुळे पेय लवकर नासत नाही, पण मनाची उदासी मात्र वाढते. (2012 मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी या विदुषीला ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला; तो हॉपसाठी नव्हे, हे सांगायला नको.) नासण्याविषयीचे त्यांचे निरीक्षण अचूक होते. हॉपच्या मादी फुलांत पिवळसर राळ असते. ती उकळत्या रसात कडवट होते आणि बिअर आंबट करणाऱ्या अनेक जंतूंना रोखते.

हा गुण समुद्रप्रवासात उपयोगी पडला. लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन या उत्पादकाने हिंदुस्थानच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधून काढली, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. फिकट रंगाची एल त्याच्या आधीपासून होती आणि उष्ण देशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावा, हा सल्लाही 1760 च्या दशकात छापला गेला होता. हॉजसनचे खरे भाग्य असे की त्याची मद्यशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होती आणि तो कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चारसहा महिन्यांनी पिंपे मुंबईला किंवा कलकत्त्याला लागत. तोवर आतली बिअर मुरलेली असे. 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑल्सॉप यांनी या व्यापारात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात जिप्सम असल्याने हॉपचा कडवटपणा अधिक स्वच्छ उठे. या बिअरचे ‘ईस्ट इंडिया’ हे नाव छापील जाहिरातीत दिसते ते 1829 मध्ये, आणि तेही सिडनीच्या वृत्तपत्रात!

ती प्यायचे कोण? मुंबई-पुण्याचे गोरे अधिकारी आणि व्यापारी. सामान्य गोरा शिपाई काळी पोर्टर पिई. रयतेचा प्रश्न वेगळाच होता. 1878 च्या अबकारी कायद्याने गावठी दारूवर सरकारचा वचक वाढला आणि अबकारी हे उत्पन्नाचे साधन बनले. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये शहरातील दारूच्या दुकानांना विरोध केला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. बंदी पुढे सैल झाली, तरी परवान्याची अट राहिली.

इंग्लंडात मंदावलेली ही कडू बिअर अमेरिकेने पुन्हा उचलली. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात हॉप आणि मद्यार्क दोन्ही वाढवून तिची ‘डबल’ आवृत्ती निघाली. पुण्यात 2009 मध्ये डूलालीची लघुमद्यशाळा सुरू झाली, पाठोपाठ इतर आल्या, आणि इंडिया पेल एल दीडदोनशे वर्षांनी इंडियातच बनू लागली. त्यासाठीचा हॉप बहुतांशी परदेशातून येतो.

पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या काही तरुणांच्या आग्रहाने तिचा एक पेला आम्ही चाखला. वास मोसंबीच्या सालीचा, थोडा चिडाच्या राळेचा. प्रथम जिभेला माल्टचा गोडवा लागतो. मग जिभेच्या मुळाशी कडवटपणा उतरतो आणि घोट संपल्यावरही रेंगाळतो. गुढीपाडव्याला गुळासोबत कडुनिंब खाणाऱ्या मराठी माणसाला ही जोडी समजायला वेळ लागू नये. फार गार केली तर वास मरतो, हेही ध्यानात आले. चव आम्हांला आवडली, हे लपवण्याचे कारण नाही.

परंतु “फादर, ही तर नुसती बिअर,” हे त्या तरुणांचे वाक्य आम्हांला पटले नाही. आपल्याकडील 2018 च्या अन्नसुरक्षा मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्काची बिअर साधी आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची तीव्र. आठ टक्क्यांच्या 330 मिलिलिटरमध्ये सुमारे 21 ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे तीस मिलिलिटरच्या दोन पेगांएवढा. असे दोन कॅन पिऊन मोटारसायकलला किक मारणारा मुलगा चार पेग घेऊन निघालेला असतो. हॉपचा कडवटपणा बिअरला राखतो, पिणाऱ्याला नाही. महाराष्ट्रात 2008 च्या शासननिर्णयानुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’ला मत दिले तर दारूचे दुकान बंद करता येते. त्या मतदानात रांगा लावणाऱ्या बायकांना हॉजसन ठाऊक नसेल. पगाराच्या दिवशी घरी किती रुपये पोहोचले, ते मात्र त्यांना पक्के ठाऊक असते. त्या मुलांना आम्ही एवढेच विचारले की हा कॅन कितीला पडला. त्यांनी आकडा सांगितला, आणि त्या पैशांत घरी किती किलो ज्वारी आली असती, याचा हिशेब त्यांच्यापैकीच एकाने मोठ्याने केला.