बॉलस्क्रूची आधारव्यवस्था

बॉलस्क्रूची आधारव्यवस्था म्हणजे संगणकनियंत्रित (सीएनसी) यंत्रातील बॉलस्क्रू ज्या बेअरिंगांवर फिरतो ती बेअरिंगे, त्यांची घरे, चेकनट आणि या सर्वांच्या मांडणीची पद्धत होय. बॉलस्क्रूमध्ये मळसूत्र व नट यांच्या दरम्यान पोलादी गोळ्या फिरतात. त्यामुळे घर्षण कमी होते आणि मोटरीचे फिरणे सरळ रेषेतील सरकण्यात बदलते. यंत्राची अचूकता केवळ स्क्रूच्या प्रतीवर ठरते असा समज रूढ आहे. घरी बांधलेल्या यंत्रांत मात्र दोष स्क्रूचा समजला जातो आणि तो प्रत्यक्षात आधाराचा निघतो, असे वारंवार घडते.

पार्श्वभूमी

सातारा व सांगली या जिल्ह्यांत यंत्रकामाची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, तर साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये अभियांत्रिकी कारखाना सुरू केला. पुढे सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) आणि कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) स्थापन झाले. सातारा, मिरज, कुपवाड व पलूस येथील औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर सुटे काम करून देणारी छोटी वर्कशॉप या भागात सहज सापडतात. घरी यंत्र बांधणाऱ्यास याचा थेट उपयोग होतो, कारण स्क्रू बाजारात मिळाला तरी त्याची टोके आधाराच्या मापाला कातून घ्यावी लागतात.

मांडणीचे प्रकार

टोक ‘स्थिर’ आहे असे म्हणतात तेव्हा तेथील बेअरिंग स्क्रूला आडवा हलू देत नाही आणि लांबीच्या दिशेनेही सरकू देत नाही. त्यासाठी कोनीय स्पर्शाच्या बेअरिंगांची जोडी समोरासमोर बसवून चेकनटने आवळतात. ‘तरते’ टोक फक्त आडवा आधार देते. तेथे साधे खोल खाचेचे बेअरिंग असते व ते घरात लांबीच्या दिशेने थोडे सरकू शकते. घरगुती यंत्रांत मोटरीकडचे टोक स्थिर आणि दूरचे तरते ही मांडणी सर्वाधिक वापरली जाते.

१६ मिमी व्यासाच्या स्क्रूसाठी बीके १२ (स्थिर) व बीएफ १२ (तरता) ही आधारांची जोडी प्रचलित आहे. बीके १२ मध्ये स्क्रूचे टोक १२ मिमी व्यासाचे असते आणि त्यावर १ मिमी अंतराचे बारीक आटे पाडून चेकनट बसवतात. बीएफ १२ मध्ये नाव १२ असले तरी टोक १० मिमीचे लागते व बेअरिंग सर्क्लिपने अडवलेले असते. नावावरून माप गृहीत धरून दोन्ही टोके १२ मिमी कातून आणण्याची चूक नवख्यांकडून सहज होते.

वेगमर्यादा

लांब स्क्रू ठराविक वेगाला दोरीउडीच्या दोरीसारखा फुगून थरथरू लागतो. हा क्रांतिक वेग आधाराच्या प्रकारावर अवलंबून असतो. १६ मिमी व्यासाच्या, सुमारे १३ मिमी मूळ व्यास असलेल्या स्क्रूचे आधारांतील अंतर १ मीटर असेल, तर २० टक्के सुरक्षिततेची सूट धरून मिळणारी मर्यादा अशी: एक टोक स्थिर व दुसरे मोकळे असल्यास मिनिटाला सुमारे ४४० फेरे, दोन्ही टोके साध्या आधारावर असल्यास १,२६०, एक स्थिर व एक तरते असल्यास १,९६० आणि दोन्ही स्थिर असल्यास २,८५०. एका फेऱ्यात ५ मिमी सरकणाऱ्या स्क्रूवर तिसऱ्या मांडणीत मिनिटाला ९.८ मीटर वेग मिळतो. दूरचा आधार वगळल्यास तो २.२ मीटरवर येतो. क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे अर्ध्या मीटरच्या स्क्रूस ही अडचण सहसा जाणवत नाही.

तापमान

दोन्ही टोके स्थिर करणे कागदावर सर्वोत्तम दिसते. परंतु पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिमी वाढते. स्क्रू सांगाड्यापेक्षा १० अंशांनी अधिक तापला, तर १ मीटरमागे ०.१२ मिमी वाढ होते आणि जागा नसल्याने स्क्रू वाकतो. कारखान्यांतील यंत्रांत स्क्रू आधीच ताणून बसवून यावर उपाय करतात. घरी तितका ताण सोसणारा सांगाडा क्वचितच असतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात उलटा प्रश्न येतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ ते दुपार १५ अंशांचा फरक पडल्यास दोहोंच्या वाढीत दर मीटरला सुमारे ०.१६ मिमीचे अंतर पडते. तरते टोक हा फरक निमूटपणे गिळते, म्हणून ते खरोखर सरकते की नाही हे तपासणे आवश्यक असते.

टोके कातणे व बसवणी

स्क्रूचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, त्यामुळे साध्या हायस्पीड हत्याराने टोक कातत नाही. कार्बाइडची टीप वापरतात किंवा टोक आधी तापवून मऊ करतात. व्यासाइतकेच महत्त्व खांद्याच्या काटकोनाला असते. खांदा तिरपा असल्यास चेकनट आवळताच स्क्रू वाकडा ओढला जातो व प्रत्येक फेऱ्याला लाट उमटते. काम करताना नट स्क्रूवरून नुसता उतरवल्यास गोळ्या सांडतात, म्हणून तो योग्य मापाच्या नळीवर सरकवून ठेवतात.

जुळवणीचा क्रम निश्चित आहे. प्रथम रेल समांतर बसवतात. मग सर्व बोल्ट सैल ठेवून टेबल स्थिर टोकाजवळ नेतात आणि तेथील आधार आवळतात. नंतर टेबल दूरच्या टोकाशी नेऊन तेथील आधार आवळतात. उंचीतला फरक शिम घालून काढतात. टेबल दोन टोकांमध्ये हाताने फिरवताना कुठेही जड लागता कामा नये. मध्यभागी हलके व टोकाशी जड लागल्यास त्या टोकाचा आधार रेषेत नाही असे समजावे. मोटरीची जोडणी लवचीक कपलिंगने करतात, मात्र कपलिंग हा चुकीच्या जुळवणीवरचा इलाज नव्हे.

ढिलेपणाचा शोध

टेबल उलट दिशेने फिरताना दिसणारा ढिलेपणा नटचा की बेअरिंगचा, हे ठरवण्याची सोपी रीत आहे. स्क्रूच्या मोकळ्या टोकावरील मध्यछिद्रात ग्रीसने एक छर्रा चिकटवून त्यावर डायल टेकवतात व टेबल पुढेमागे दाबतात. काटा हलला तर दोष स्थिर आधारात आहे आणि नवा नट आणून उपयोग नाही. स्वस्त आधारांत कोनीय बेअरिंगांऐवजी साधी बेअरिंगे घातलेली आढळतात; ती बदलल्यावर पुष्कळदा प्रश्न सुटतो.

उभ्या अक्षावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. बॉलस्क्रूचे घर्षण इतके कमी असते की वीज जाताच स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. ब्रेकची मोटर किंवा प्रतिभार हा त्यावरील उपाय आहे.

गंज व पूर

साताऱ्याच्या पश्चिम भागातील पावसाळी दमटपणात उघड्या स्क्रूवर गंज लवकर धरतो. तेलाचा पातळ थर व झाकण यांनी तो रोखला जातो. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ५७ फुटांवर गेली होती आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. पुराच्या गढूळ पाण्यात बुडालेला स्क्रू नट उतरवून, गोळ्या धुऊन व खाचा तपासून कधीकधी वाचवता येतो. आधारांतील बेअरिंगे मात्र बाहेरून कोरडी दिसली तरी बदलावीच लागतात, कारण सीलच्या आत शिरलेला बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळून राहतो.