साच्यातून निघालेलं इंजिन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ सुरू झाली. तिच्यात बसलेल्या मुलाला ‘हे इंजिन खरं का?’ असा प्रश्न पडत नाही. ते रुळावरून चालतं, आपल्याला ओढतं, एवढं त्याला पुरेसं असतं. पण जगात अशी काही मोठी माणसं आहेत, की ज्यांना हाच प्रश्न आयुष्यभर पडलेला असतो. खऱ्या इंजिनाची एक-अष्टमांश मापाची, तरीही माणसं ओढून नेणारी प्रतिकृती ती घरच्या गॅरेजमध्ये बांधतात. हा छंद मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतला. त्यातल्या एका जरा उपेक्षित शाखेचा, म्हणजे डिझेल इंजिनांचा आणि त्यांच्या फायबरग्लासच्या कवचाचा इतिहास आज आपण पाहू.

मुळात हा छंद वाफेचा. लंडनहून १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक सुरू केलं आणि घरी लेथ बसवून इंजिनं घडवणाऱ्यांना एक व्यासपीठ मिळालं. त्यांचा दंडक कडक होता. बॉयलर खरा हवा, कोळसा खरा हवा, आणि इंजिनाने माणूस ओढून दाखवला पाहिजे. वॉल्ट डिस्ने यांनाही याच वेडाने झपाटलं होतं. लॉस एंजेलिसमधल्या घराभोवती त्यांनी सुमारे अर्धा मैल रूळ टाकले. १९५० साली त्यावरून ‘लिली बेल’ हे इंजिन धावू लागलं. तेही एक-अष्टमांश मापाचंच, आणि वाफेवर चालणारं.

वाफेच्या इंजिनाचं अंतरंग बरंचसं बाहेर दिसतं. दट्ट्याचे दांडे, चाकं, नळ्या, झडपा, सारं डोळ्यांसमोर हलत असतं. यंत्र हुबेहूब केलं, की रूपही बहुतांशी साधतं. डिझेलच्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

१९३९ साली जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह या उपकंपनीने ‘एफटी’ नावाचं चार भागांचं, ५,४०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन अमेरिकेतल्या वीस रेल्वे कंपन्यांच्या मार्गांवर फिरवून दाखवलं. सुमारे अकरा महिन्यांत ते ८३,७६४ मैल, म्हणजे १ लाख ३४ हजार किलोमीटरांहून अधिक धावलं. मालगाड्यांवरची वाफेची सद्दी संपणार, हे तेव्हाच कळून चुकलं. याच घराण्यातलं पुढचं ‘एफ-७’ १९४९ ते १९५३ या काळात बनलं आणि अमेरिकाभर पसरलं. या इंजिनांचं यंत्र आत दडलेलं होतं. लोकांना दिसायचं ते त्यांचं गोलसर, पुढे आलेलं नाक. बुलडॉग कुत्र्याच्या तोंडावरून त्याला ‘बुलडॉग नोज’ हे नाव पडलं. सांता फे रेल्वेने त्यावर लाल-पिवळा-रुपेरी साज चढवला. तो साज जनरल मोटर्सचे चित्रकार लेलँड निकरबॉकर यांनी १९३७ साली या घराण्यातल्या आधीच्या एका प्रवासी इंजिनासाठी आखला होता.

छंदिष्टांची खरी पंचाईत केली ती या नाकानेच. कागदाची पुंगळी सहज होते, पण त्याच कागदात चेंडू गुंडाळायला गेलात तर सुरकुत्या पडतात. पत्र्याचंही तसंच. एका दिशेने तो वळतो, दोन्ही दिशांनी एकदम वळवायचा तर ठोकून ठोकून ताणावा लागतो. खुद्द कारखान्यातसुद्धा हे नाक एका फटक्यात होत नसे. पोलादी फासळ्यांवर पत्र्याचे तुकडे जोडायचे, सांधे घासायचे आणि रंगारी भिंतीला लांबी भरतात तशी भरणी करून गोलाई आणायची. कारखान्यात निदान कसलेले कारागीर होते. घरी एकट्याने हे करायचं म्हणजे महिन्यामागून महिने मोडायचे. शिवाय एवढे कष्ट घेऊन हाती येणार एकच नाक. मित्राला हवं असेल तर त्याने पुन्हा पहिल्यापासून ठोकायला बसायचं.

या अडचणीवरचा उपाय आला तो काचेच्या कारखान्यातून. १९३२ साली अमेरिकेत काचेच्या विटा सांधण्याचा एक प्रयोग चालू असताना वितळलेल्या काचेवर दाबाखालच्या हवेचा झोत पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्यातून काचतंतू बनवण्याची स्वस्त रीत सापडली, आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. पुढे या तंतूंना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली. युद्धानंतर फायबरग्लासच्या होड्या आल्या. १९५३ साली शेव्हरोले कंपनीने ‘कॉर्व्हेट’ या मोटारीचं अख्खं अंग फायबरग्लासचं केलं. पुढच्या दशकांत रेझिनचा डबा आणि काचतंतूंची चटई सामान्य माणसाच्या गॅरेजमध्येही पोहोचली.

पेणला गणपतीचा कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढची कृती समजावून सांगायला नको. मूर्तिकार आधी एक मूर्ती मन लावून घडवतो, तिचा साचा घेतो, आणि त्या साच्यातून मग कितीतरी मूर्ती निघतात. इथेही लाकूड आणि भरणी वापरून आधी इंजिनाचं पूर्ण रूप घडवायचं. रिव्हेटची प्रत्येक टिकली, दाराची प्रत्येक फट त्यावर आली पाहिजे. कारण यावर राहिलेली चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरणार. त्यावर मेण घासायचं आणि फायबरग्लासचाच साचा घ्यायचा. मग साच्याच्या आतून पुन्हा मेण, त्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर, त्यावर काचतंतूंची चटई आणि हार्डनर घातलेलं रेझिन. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. बुडबुडा राहिला तर पुढे तिथेच टवका उडतो. रेझिनचा वास डोक्यात जातो आणि घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. घट्ट झालेलं कवच साच्यातून सुटताना जो ‘कट्’ असा आवाज होतो, तो ऐकण्यासाठी हा सारा खटाटोप.

आता थोडा हिशेब. ‘एफ-७’ची लांबी साधारण साडेपंधरा मीटर, एक-अष्टमांश केली की दोन मीटरच्या किंचित आत. वजन मात्र आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पटींनी घटतं. सुमारे १०४ टनांचे उरतात २०० किलो. फायबरग्लासचं कवच तर अगदीच हलकं. चाकं रुळावर घसरू नयेत एवढं वजन लागतंच, म्हणून ते खाली पोलादी चौकटीवर बॅटऱ्यांच्या रूपाने ठेवतात. मूळ इंजिनात पुलाच्या कैचीसारखा बांधलेला बाजूचा सांगाडाच भार पेलतो. प्रतिकृतीत भार चौकटीवर, आणि कवच नुसतं रूप सांभाळतं.

वाफेवर जीव असलेल्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. ‘बॅटरीवर चालणारा डबा, वरून रंगवलेली टोपी, यात इंजिन कुठे आहे?’ हा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येत नाही. पण खऱ्या डिझेल इंजिनातही चाकं फिरवते ती विजेची मोटरच. डिझेल फक्त जनित्र फिरवतं. प्रतिकृतीतही आसाला मोटरच जोडलेली असते. वीज बॅटरीतून येते, एवढाच फरक. काहीजण तर आत छोटं पेट्रोल इंजिन आणि जनित्र बसवून तोही फरक मिटवतात.

पण या आक्षेपाचं खरं उत्तर काळाने दिलं. ‘एफ’ घराण्यातल्या बंदिस्त इंजिनातून चालकाला मागचं धड दिसत नसे, त्यामुळे यार्डातल्या कामाला ती गैरसोयीची होती. १९७० ते १९७८ या काळात सांता फे रेल्वेने टेक्सासमधल्या क्लीबर्न इथल्या आपल्या कारखान्यात २३३ ‘एफ-७’ इंजिनांची ती देखणी अंगं कापून काढली आणि त्यांना साधी, चौकोनी, कामचलाऊ रूपं दिली. यंत्र चालू राहिलं, रूप भंगारात गेलं. पूर्वीचं रूप राखलेली काही इंजिनं सॅक्रामेंटोच्या रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी जपली आहेत. बाकी ते नाक टिकून राहिलं ते छंदिष्टांच्या गॅरेजमधल्या साच्यांत.

आणखी एक योगायोग पाहा. ब्रिटनमध्ये १९७६ साली ताशी २०० किलोमीटर वेगाची ‘हाय स्पीड ट्रेन’ धावू लागली. तिच्या डिझेल इंजिनाचं निमुळतं तोंड केनेथ ग्रेंज यांनी आखलं होतं, आणि ती चालकाची केबिन होती साच्यातून काढलेल्या फायबरग्लासची. म्हणजे या गाडीची प्रतिकृती फायबरग्लासमध्ये करणारा माणूस नक्कल करतच नाही. मूळ कारागिराने जे केलं, तेच तो लहान मापात करतो.

साचाही अमर नसतो बरं का. प्रत्येक प्रतीगणिक त्याची धार थोडी झिजते, कडा तुटतात. आणि तो करणारा माणूस गेला, की घरच्यांना तो एक अवजड, वेडावाकडा, जागा अडवणारा डबा वाटतो. आतून पोकळ, बाहेरून खडबडीत. त्यात काय आहे ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून असा साचा वेळेवर दुसऱ्या जाणत्या हातात जाणं महत्त्वाचं. खऱ्या इंजिनाचं नाक कापणाऱ्यांना त्या वेळी कामाची घाई होती. साचा टाकून देणाऱ्यांना तर आपण काय टाकतो आहोत, हेही ठाऊक नसतं. तेव्हा एखाद्या जुन्या कारागिराच्या घरची अडगळ काढायची वेळ आली, तर तिच्यातला साचा भंगारात देण्याआधी एकदा उलटा करून आत डोकावून पाहायला हरकत नाही.